दहा इंची तबकडी आणि मराठी भावगीत : जी. एन. जोशी यांच्या सांगीतिक कार्याचा विचार

१

मराठी गीताच्या इतिहासलेखनात एक अडचण वारंवार जाणवते. वाङ्मयाचा इतिहासकार कवितेचा विचार करतो आणि ती कविता पुढे कोणी गायिली हे एखाद्या वाक्यात सांगून मोकळा होतो. संगीताचा इतिहासकार घराणी, गायकी आणि नाट्यपदे यांचा विचार करतो व भावगीताकडे वळताना 'सुगम' या विशेषणाआड आपली उदासीनता झाकतो. परिणामी भावगीत हा प्रकार दोन्ही दालनांच्या उंबरठ्यावर उभा राहतो. गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी (१९०९–१९९४), यांच्या वाट्यास अशीच अर्धवट दखल आलेली आहे. 'आद्य भावगीतगायक' हे बिरुद त्यांना सर्वत्र दिले जाते. पण त्या बिरुदाचा अर्थ काय, आणि पुढील अनेक वर्षे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात त्यांनी जे केले त्याचा या आद्यत्वाशी संबंध कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ त्यांच्या गळ्यात शोधून मिळणार नाही. ते ज्या माध्यमात वावरले त्या माध्यमाच्या स्वरूपात, म्हणजे मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीत, ते शोधावे लागेल. या दृष्टीने एक दूरची तुलना उपयोगी पडते. अमेरिकेतील जॅझ संगीत आणि मराठी भावगीत यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु दोहोंची घडण एकाच तबकडीवर झाली, दोहोंना सुमारे तीन मिनिटांची मर्यादा पाळावी लागली आणि दोहोंच्या अभ्यासकांपुढे 'येथे रचनाकार नेमका कोण?' हा एकच प्रश्न उभा राहिला. जॅझच्या पियानोवादक रचनाकारांविषयी तिकडे जी चर्चा झाली, तिच्या प्रकाशात जोशी यांच्या कार्याकडे पाहिल्यास त्याची अंतर्गत संगती अधिक स्पष्ट होते.

२

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकव्यवहारात सर्वश्रुत आहेत : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही विभागणी केली आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कापूस आणि लोहमार्ग. घाटावर पैनगंगेच्या उगमाकडील उंचसखल मुलूख, रान आणि जुनी देवस्थाने. खामगाव हे घाटाखालचे गाव. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला आणि वऱ्हाडातील कापसाचा मोठा बाजार म्हणून हे गाव नावारूपास आले. मेहकर हे घाटावरचे, पैनगंगेच्या काठचे, शारंगधर बालाजीचे गाव.

६ एप्रिल १९०९ रोजी खामगावी जी. एन. जोशी यांचा जन्म झाला. त्याच वर्षी, २१ ऑगस्ट रोजी, याच जिल्ह्यातील सेंदुरजन येथे कवी ना. घ. देशपांडे जन्मले. दोघांनीही कायद्याचे शिक्षण घेतले. पुढे मात्र वाटा निराळ्या झाल्या. देशपांडे यांनी मेहकर सोडले नाही. तेथेच वकिली केली, तेथेच कविता लिहिली आणि २००० साली तेथेच त्यांचे निधन झाले. जोशी यांनी वकिली बाजूला सारून मुंबईचा आणि ध्वनिमुद्रणाचा मार्ग धरला. एकाने गाव राखले, दुसऱ्याने गाव सोडले. आणि या दोघांच्या मिलाफातून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यापासून मराठी भावगीताचा आरंभ मानण्याचा प्रघात पडला.

हा योगायोग जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय होणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानापेक्षा त्यातील अर्थ महत्त्वाचा. मराठी काव्याची आणि नाट्यसंगीताची मान्यवर केंद्रे त्या काळी पुणे, मुंबई, कोल्हापूर, इंदूर, बडोदे ही होती. वऱ्हाडातील एका अप्रसिद्ध तरुण कवीची ग्रामीण वळणाची कविता वऱ्हाडातीलच एका तरुण गायकाच्या आवाजात घरोघर पोचते, तेव्हा साहित्यसंमेलन, मासिक आणि नाटक मंडळी या तिन्ही प्रस्थापित मार्गांना वळसा घालून ती गेलेली असते. हा वळसा तबकडीमुळे शक्य झाला. कवितेचा संग्रह निघण्यापूर्वी कविता प्रसिद्ध झाली. देशपांडे यांचा पहिला संग्रह 'शीळ' १९५४ साली प्रकाशित झाला, तेव्हा त्या संग्रहास नाव देणारी कविता दोन दशकांहून अधिक काळ लोकांच्या ओठांवर होती.

३

जोशी यांचे कार्य समजण्यासाठी त्यांच्या आधी मराठी कविता कशी गायिली जात होती हे ध्यानी घेतले पाहिजे. कविता गाणे ही गोष्ट नवी नव्हती. ओवी, अभंग, श्लोक, आर्या, लावणी, पोवाडा यांपैकी प्रत्येक प्रकाराला त्याची चाल होती आणि वृत्त व चाल यांची गाठ जन्मतःच बांधलेली असे. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाला नवी प्रतिष्ठा दिली. यशवंत, गिरीश यांच्यासारखे कवी आपल्या कविता सभेत गाऊन दाखवीत आणि श्रोते त्या ऐकावयास गर्दी करीत. तथापि या गायनात स्वर हा शब्दाचा वाहक असे. कवी स्वतः गात असल्यामुळे गाण्याचे यश हे कवितेच्या यशाचाच भाग ठरे.

दुसरीकडे रंगभूमीवरील पद होते. त्याची रीत याच्या उलट. तेथे रागदारीची चीज आधी, शब्द नंतर. आणि गायकाला हजारभर प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिवर्धकाशिवाय पोचावयाचे असे. साहजिकच आवाजाची फेक, तानेचा पल्ला आणि 'वन्समोअर'ची अपेक्षा यांनी पदाचा आकार ठरविला. नाट्यपदात भावना नसे असे नाही. पण ती भावना प्रेक्षागृहाच्या मापाची असे.

या दोन रीतींमध्ये भावगीताला जागा मिळाली ती एका यांत्रिक बदलामुळे. १९२५ पासून ध्वनिमुद्रणात विद्युत्पद्धती आली. तोपर्यंत गायकास कर्ण्यासमोर जोर लावून गावे लागे. आता मायक्रोफोनसमोर हलक्या, जवळच्या आवाजात गाता येऊ लागले. श्वासाची हालचाल, शब्दाचा शेवट, स्वर सोडण्याची नजाकत या गोष्टी तबकडीवर उमटू लागल्या. याच काळात अमेरिकेत मायक्रोफोनशी जवळीक साधून गाणाऱ्या गायकांचा नवा वर्ग उदयास आला. महाराष्ट्रात ही जवळीक भावगीताने आत्मसात केली. जोशी यांचा आवाज रंगभूमीचा नव्हे, खोलीतला होता. एक माणूस दुसऱ्या माणसाला काही सांगत आहे, अशी त्याची ठेवण होती. 'भाव' या शब्दाचा भावगीतातील अर्थ या जवळिकीशी निगडित आहे. केवळ करुण वा शृंगारिक आशयाशी नव्हे.

४

'शीळ' या कवितेची निवड हा जोशी यांच्या रसिकतेचा पहिला पुरावा मानावा लागेल. कवितेतील प्रसंग अगदी साधा आहे. रानातून शीळ ऐकू येते आणि ती ऐकणारी स्त्री आपल्या प्रियकराविषयी, म्हणजे 'राया'विषयी बोलू लागते. तक्रार आणि कौतुक यांची वीण अशी घट्ट की एक उसवावी तर दुसरे हाती येते. भाषा ग्रामीण वळणाची, संबोधन लोकगीताचे, आणि रानात भटकणाऱ्या त्या प्रियकराची तुलना कृष्णाशी. म्हणजे गवळणीची जुनी परंपरा येथे आहे; पण ती देवळातून उठून शिवारात आलेली आहे.

या कवितेचे मर्म तिच्या ध्वनिरचनेत आहे. 'शीळ' या शब्दाशी 'कुळशीळ' हा शब्द जेव्हा येऊन भिडतो, तेव्हा रानातला उनाड ध्वनी आणि घराण्याची प्रतिष्ठा ही एकाच यमकात बांधली जातात. गावाच्या दृष्टीने ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी, त्यांना कवी एका नादात आणतो. वाचताना हा श्लेष क्षणात निसटून जातो. गाताना मात्र ध्रुवपद पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक आवृत्तीस श्लेषाचा एकेक पदर उलगडतो. शिवाय दीर्घ 'ई' हा स्वर लांबविण्यास सोयीचा, प्रत्यक्ष शिळेच्या नादाशी जुळणारा. आणि त्यानंतरचा 'ळ' हा मूर्धन्य वर्ण तो स्वर अलगद मिटवणारा. शिळेचा नाद उठावा, लांबत जावा आणि रानात विरावा, ही क्रिया शब्दातच साठविलेली आहे. गायकाने वेगळी हरकत घेऊन ती दाखविण्याची गरज नाही. शब्दाला पुरेसा अवकाश दिला की ती आपोआप घडते.

जोशी यांच्या गायनाचे श्रेय या अवकाशात आहे. रंगभूमीच्या रीतीने हे पद गावयाचे तर त्या दीर्घ स्वरावर तानेची मोठी संधी होती. ती संधी अतिरेकाने घेतली असती तर शीळ रानात न जाता गायकाच्या कौशल्यात अडकली असती. चालीला लोकगीताची सरळ चाल आणि शास्त्रोक्त गायनाची स्वरशुद्धी यांच्या मधली जागा हवी होती. ती सापडणे हीच येथे रचना होय. स्त्रीचे मनोगत पुरुषाच्या आवाजात येते, याचेही आश्चर्य वाटेनासे होते. कारण गाणारा त्या स्त्रीचे सोंग घेत नाही, तिचे बोलणे आपल्या आवाजात पोचवतो. रंगभूमीवरील स्त्रीपार्टी गायकीच्या ऐन भरात हा फरक सूक्ष्म असला तरी दूरगामी होता. याच कवीची 'नदीकिनारी' ही कविताही जोशी यांनी गायिली, आणि तेथेही कवितेतील निसर्ग हा देखावा न राहता बोलणाऱ्याच्या मनःस्थितीचा भाग होतो, याचे भान त्यांच्या गायनात आहे.

५

दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चाले. ही मर्यादा आज उपरी वाटेल. पण तिच्यातून जे रूप निर्माण झाले ते उपरे नव्हते. येथे जॅझचे उदाहरण बोलके आहे. जेली रोल मॉर्टन (१८९०–१९४१) हा न्यू ऑर्लीन्सचा पियानोवादक आणि रचनाकार. १९२६ साली शिकागो येथे 'रेड हॉट पेपर्स' या आपल्या वृंदाकडून त्याने ज्या तबकड्या करून घेतल्या, त्यांत या तीन मिनिटांचा विचारपूर्वक उपयोग दिसतो. एक स्वरबंध किती वेळ राहावा, वाद्यवृंदाने कोठे थांबून एकट्या वाद्याला वाट द्यावी, शेवट कोणत्या उठावाने व्हावा, हे सारे आधी ठरविलेले. आणि तरीही ऐकणाऱ्यास ते जागच्या जागी सुचल्यासारखे वाटावे. नृत्यगृहात हेच संगीत हवे तितके लांबविता येई. तबकडीने त्याला आदि, मध्य आणि अंत दिले. म्हणून मॉर्टनला केवळ वादक न म्हणता रचनाकार म्हणणे अभ्यासकांना भाग पडले.

भावगीताबाबत हेच घडले. सभेतील काव्यगायन कवीच्या आणि श्रोत्यांच्या लहरीनुसार लांबे वा आटपे. तबकडीवर मात्र किती कडवी घ्यावयाची, ध्रुवपद किती वेळा यावे, वाद्यांची भर कोठे असावी, हे आधी ठरवावे लागे. कवितेचे संपादन करण्याची ही क्रिया होती. मराठीत तिला स्वतंत्र नाव नाही. 'चाल लावणे' या शब्दप्रयोगात ती लपून जाते. चाल लावणारा हा कवितेचा पहिला टीकाकार असतो. कोणते कडवे गळाले तरी चालेल, कोणता शब्द समेवर यावा, कोणता अलगद पुढे न्यावा, हे त्याचे निर्णय म्हणजे अर्थाविषयीचे निर्णय होत. 'शीळ' ऐकणाऱ्या पिढ्यांनी त्या कवितेचा जो अर्थ मानला, तो बऱ्याच अंशी या निर्णयांतून आलेला आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तबकडीने कवीला कीर्ती दिली, तशीच त्या कीर्तीला चौकटही घातली. ना. घ. देशपांडे यांनी पुढे 'अभिसार' (१९६३) आणि 'खूणगाठी' (१९८५) असे संग्रह दिले. 'खूणगाठी'स १९८६ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. त्या उत्तरकालीन कवितेत जी चिंतनशीलता आणि जे एकाकीपण आहे, त्यांचा पत्ता केवळ गाण्यातून कवीला ओळखणाऱ्या श्रोत्यास लागत नाही. लोकांच्या लेखी ते 'शीळ'चे कवी राहिले. एका गीताच्या यशाने उरलेल्या कवितेवर सावली पडावी, हा भावगीताने मराठी काव्यावर केलेला अन्याय म्हणावा की उपकार, याचा निकाल एकतर्फी देता येणार नाही. मात्र हा परिणाम गायकाच्या हेतूतून झालेला नाही. तो माध्यमाच्या स्वभावातून झाला. तबकडी एका वेळी दोनच गाणी नेते, आणि श्रोत्याची स्मृती बहुधा त्यांतील एकच ठेवते.

'आद्य' या विशेषणाविषयीही सावध राहणे इष्ट. मॉर्टनने १९३८ साली, जॅझ आपणच १९०२ मध्ये निर्माण केले, असा जाहीर दावा केला. इतिहासकारांनी तो मानला नाही. पण त्या दाव्यामुळे मॉर्टनच्या रचनांचे मोल कमीही झाले नाही. जोशी यांच्याबाबतीत आद्यत्वाची भाषा त्यांच्या चाहत्यांनी अधिक वापरली. त्याच सुमारास जे. एल. रानडे यांच्यासारखे गायकही तबकडीवर कविता गात होते. काव्यगायनाची परंपरा पाठीशी होतीच. तेव्हा जोशी यांनी भावगीत शून्यातून निर्मिले असे म्हणण्यापेक्षा, अस्तित्वात असलेल्या अनेक प्रवाहांना तबकडीच्या मापाचे रूप त्यांच्या गायनात प्रथम ठळकपणे लाभले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

६

जोशी यांच्या गायनकाळातील आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांनी आरंभीच्या काळात 'गांधारी' या नावाने तबकड्या दिल्या, आणि त्यांतील काही युगुलगीतांत जोशी त्यांच्यासोबत होते. पुढे ज्यांचा धीरगंभीर, पुरुषी वाटणारा आवाज किराणा घराण्याचे भूषण ठरला, त्या गायिकेचा तरुण वयातील बारीक, उंच स्वर या मुद्रिकांत ऐकावयास मिळतो. संगीताच्या अभ्यासकास हे दुहेरी साधन आहे. एक तर गायिकेच्या आवाजाचा पूर्वरंग त्यांत टिकला आहे. आणि दुसरे, घराणेदार गायकी आणि भावगीत यांमधील भिंत त्या काळी पुढील काळाइतकी उंच नव्हती, याचा तो पुरावा आहे.

ही भिंत पुढे का उंचावली, याचे कारण अंशतः भावगीताच्याच वाढीत आहे. गजाननराव वाटवे आणि त्यांच्यानंतरच्या पिढीने भावगीताला चौकाचौकांत नेले; आकाशवाणीने त्यास नियमित स्थान दिले; १९५५–५६ मध्ये पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'ने गीतमालिकेचे विशाल रूप दाखविले. प्रकार जसा स्थिरावला, तसा त्याचा साचाही स्थिरावला. ठराविक कडवी, ठराविक ठेक्यांची अदलाबदल, ठराविक वाद्यखंड. आरंभीच्या मुद्रिकांतील शोधक साधेपणा हळूहळू दुर्मिळ झाला. जोशी यांच्या गीतांनाही या साच्याचा उगम म्हणून दोष देता येईल, आणि तो दोष पूर्णतः निराधार नाही. ज्या संयमाने 'शीळ' यशस्वी झाली, तोच संयम अनुकरणात गोडवा म्हणून उरला. गोडवा हा संयमाचा परिणाम असतो, त्याची जागा घेणारा पर्याय नव्हे, हे अनुकरण करणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

७

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जोशी 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या ध्वनिमुद्रण विभागात दाखल झाले आणि त्यांच्या कार्याचे केंद्र बदलले. गाणारा माणूस ऐकणारा झाला. याच वर्षांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्ड हा अमेरिकन पियानोवादक जॅझ वाजवीत होता आणि गोमंतकीय वादक ती शैली आत्मसात करून पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेत होते. शहर एक, काळ एक. पण ही संगीते बहुधा एकमेकांना न भेटता शेजारून वाहत होती. त्या सर्वांना एकत्र आणणारी जागा एकच, ती म्हणजे ध्वनिमुद्रणाची खोली.

चरित्रकार या स्थित्यंतराकडे नोकरी म्हणून पाहतात. समीक्षेच्या दृष्टीने त्यात एक सातत्य आहे. भावगीत गाताना जे निर्णय जोशी स्वतःच्या गाण्यासाठी घेत, तेच निर्णय ते आता दुसऱ्यांच्या गाण्यासाठी घेऊ लागले : किती वेळ, कोणती चीज, मायक्रोफोनपासून किती अंतर, कोणते साथीदार. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर यांच्यासारखे कलावंत त्यांच्या आठवणींत भेटतात. 'डाउन मेलडी लेन' (१९८४) या त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील व्यक्तिचित्रे वाचताना जाणवते की कलावंताचा स्वभाव, त्याची लहर आणि त्याचा संकोच ओळखणे हा ध्वनिमुद्रणाच्या कलेचाच भाग आहे. मैफलीत रात्र हाती असलेल्या गायकाला घड्याळापुढे बसविणे, आणि तरीही त्याचे गाणे आक्रसू न देणे, याला यंत्रज्ञान पुरत नाही. स्वतः तीन मिनिटांत गाऊन पाहिलेल्या माणसालाच ते जमू शकते.

१९४८ साली अमेरिकेत दीर्घ मुद्रिका आली आणि कालांतराने ती येथेही रुळली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळू लागताच ख्यालगायनाला प्रथमच आपल्या मापाच्या जवळ जाणारे पात्र लाभले. अमीर खाँ यांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली मुद्रिका हे याचे ठळक उदाहरण. संथ विस्तार हाच ज्या गायकीचा प्राण, ती तीन मिनिटांत मावली नसती.

या दीर्घ मुद्रिकेचा सर्वांत विचारप्रवर्तक उपयोग जोशी यांनी निर्माता म्हणून 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या मुद्रिकेत केला. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अहीर भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी अशा रागांतून मांडण्याची ही योजना. पाश्चात्त्य श्रोत्यांतही ही मुद्रिका फार लोकप्रिय झाली.

या मुद्रिकेला केवळ लोकरंजन म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. रागांना वेळेचा संकेत आधीच असताना त्यांवर कथेचे कलम कशासाठी, असा आक्षेप घेता येतो, आणि तो विचारार्ह आहे. प्रत्येक राग येथे आपला विस्तार आवरून घेतो. रागस्वरूप उलगडण्यापेक्षा वातावरण उभे करणे हे उद्दिष्ट ठरते. परंतु हीच गोष्ट भावगीताच्या इतिहासाशी ताडून पाहिली की तिचा उलगडा होतो. भावगीताने रागाला शब्दाचा प्रसंग दिला होता. 'कॉल ऑफ द व्हॅली'ने शब्द काढून टाकले, प्रसंग ठेवला. रानातील शीळ ऐकणारी स्त्री आणि दरीत बासरी वाजविणारा मेंढपाळ यांच्यामध्ये सुमारे पस्तीस वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हीकडे मोकळ्या जागेतला एक दूरचा नाद आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात कथा उभी करीत आहे. पहिल्या मुद्रिकेत जोशी गायक होते, दुसरीत त्यांचा आवाज कोठेही नाही. तरीही रचनेचे तत्त्व तेच आहे. वादकांच्या श्रेयाला यामुळे बाध येत नाही. सूर त्यांचे आहेत. पण सुरांना कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रसंगासाठी आणि कोणाच्या शेजारी बसवावे, याचा विचार हाही रचनेचाच भाग मानावा लागतो. मॉर्टनच्या वृंदाबाबत जे मान्य झाले, ते येथे नाकारण्याचे कारण नाही.

८

राहिला अध्यापनाचा प्रश्न. जोशी यांनी घराणे उभारले नाही. गुरुशिष्यपरंपरेच्या मापाने त्यांच्या खाती फारसे काही जमा नाही. परंतु तबकडी ही स्वतःच एक शिक्षिका होती, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या संगीताचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही. ड्यूक एलिंग्टन या जॅझ पियानोवादकाने तरुणपणी जेम्स पी. जॉन्सन याची 'कॅरोलायना शाउट' ही रचना यांत्रिक पियानोची गुंडाळी सावकाश फिरवून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवून आत्मसात केली, हे सर्वश्रुत आहे. गुरू समोर नव्हता. त्याच्या बोटांची हालचाल तेवढी होती. महाभारतातील एकलव्यालाही याहून अधिक काही मिळाले नव्हते.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत ग्रामोफोनने हेच काम केले. ज्या गावी मोठा गवई वर्षानुवर्षे येत नसे, तेथे तबकडी येई, आणि सुई पुनःपुन्हा त्याच ठिकाणी ठेवून एखादी जागा गळ्यात उतरविली जाई. अशा विद्यार्थ्याला गुरूचा धाक नव्हता, तशी गुरूची दुरुस्तीही नव्हती. तो ऐकलेले तंतोतंत उचली. त्यामागचा विचार त्याला दिसत नसे. भावगीताच्या अनुकरणात साचेबंदपणा शिरला, त्याचे एक कारण या शिक्षणपद्धतीतच आहे. तबकडी उत्तर शिकवते, प्रश्न शिकवीत नाही. तथापि याच मार्गाने रागदारीचे संस्कार अशा घरांत पोचले, जेथे ते अन्यथा पोचले नसते. कोणता कलावंत, कोणती चीज आणि कोणते रूप या दूरस्थ विद्यार्थ्यांपर्यंत जावे, हे ठरविणाऱ्यांत जोशी होते. या अर्थाने, शिष्य न करताही, त्यांनी फार मोठा वर्ग शिकविला.

९

या सर्व विवेचनातून जोशी यांच्या कार्याचे जे मूल्यमापन निघते ते असे. गायक म्हणून त्यांचा पल्ला मर्यादित होता. पण त्या मर्यादेत त्यांनी मराठी कवितेला रंगभूमीच्या आणि सभेच्या मापातून सोडवून एका माणसाच्या कानाच्या मापाचे केले. रचनाकार म्हणून त्यांचे कौशल्य नव्या स्वरबंधांपेक्षा निवडीत, संपादनात आणि संयमात आहे. निर्माता म्हणून त्यांनी हेच कौशल्य दीर्घ मुद्रिकेपर्यंत नेले. ही तीन कामे तीन निराळ्या माणसांची वाटावीत इतकी वेगळी दिसत असली, तरी त्यांना जोडणारा धागा एकच आहे : ऐकण्याच्या वेळेला आकार देणे.

वाङ्मय आणि संगीत यांच्या इतिहासलेखनात अशा माणसासाठी जागा नसते, कारण त्याची कृती वहीत सापडत नाही आणि बंदिशीतही सापडत नाही. ती मुद्रिकेत सापडते. मुद्रिका मात्र आपल्याकडे संशोधनाचे साधन म्हणून अद्याप पुरेशा गांभीर्याने वापरली गेलेली नाही. हस्तलिखितांसाठी जी आस्था विद्यापीठांनी दाखविली, ती जुन्या तबकड्यांच्या वाट्यास क्वचितच आली. लाखेच्या त्या तबकड्या ठिसूळ आहेत, घराघरांतून त्या फुटत आणि विकल्या जात आहेत, आणि वऱ्हाडातील जुन्या घरांत त्यांचा शोध घेण्यास आजही अवसर आहे. ज्या जिल्ह्यातून एकाच वर्षी हा कवी आणि हा गायक आले, तेथून या कामाचा प्रारंभ होणे औचित्यपूर्ण ठरेल. मेहकरच्या कवीचे शब्द ग्रंथालयात सुरक्षित आहेत. खामगावच्या गायकाने त्यांना दिलेला अवकाश तबकडीच्या खाचेत आहे, आणि खाच झिजली की तो अवकाश कोणत्याही छापील पाठावरून पुन्हा उभा करता येणार नाही.